ज्याचे कपडे त्याला

गुरुवार, १३ मार्च

धाकटे,

'प्रिय' लिहायचं होतं, पण तुला ते आवडेल की नाही कळेना, म्हणून आधी थोडी जागा सोडली आहे. वाटलं तर तुझं तूच भरून घे.

आधी दोन गोष्टी. मी जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. आणि हे पत्र समेटासाठी नाही, कामासाठी आहे. काम असं की दुकानात धुवायला आलेल्या कपड्यांवर कॉलरच्या आत तीन हिरवे टाके आणि शेजारी पांढरी गाठ, हे कोणाचं घर? एकच लांबलचक काळा टाका, हे कोणाचं? निळी फुली आणि तिला खाली शेपटी? पिवळा उलटा टाका? एवढं उलट टपाली कळव. बाकी ख्यालीखुशाली लिहिली नाहीस तरी चालेल.

फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान वाचतो.

आता नऊ वर्षांनी ताईला तुझ्या टाक्यांची आठवण का झाली, ते सांगते. गावात पूर आलाय. होय, मार्च महिन्यात. सोमवारी सकाळी रेडिओवर 'आकाश निरभ्र राहील' असं सांगितलं आणि मी शहाणीने लॉजच्या बेचाळीस चादरी गच्चीवर वाळत घातल्या. इस्त्रीकाका म्हणाले, गुडघा ठणकतोय, पाऊस येणार. मी म्हटलं, काका, तुमचा गुडघा बारा महिने ठणकतो. चार वाजता जो धो धो सुरू झाला तो काल संध्याकाळपर्यंत थांबला नाही. तेव्हापासून काका माझ्याकडे बघतात आणि नुसता गुडघा चोळतात. बोलत काही नाहीत. तुला माहीतच आहे, ते न बोलता किती छळू शकतात.

मंगळवारी सकाळी कालव्याचा बांध फुटला. पाणी आधी गटारातून वर आलं, मग रस्त्याने, मग आपल्या मागच्या दाराने थेट आत. आयुष्यभर मी नळाला पाणी येत नाही म्हणून पाणीखात्याशी भांडत आले, आणि हे असं घरपोच आलं. बघता बघता धुलाईचं मशीन बुडालं, पिळायचं यंत्र बुडालं, भट्टीचं फक्त धुराडं दिसत होतं. साबणाची पोती विरघळली, त्यामुळे आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्या पुराला फेस आला होता. न्हावी म्हणाला, एवढं स्वच्छ गटार त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

काका आणि मी मिळून एकशे अठरा गाठोडी वरच्या खोलीत चढवली. काकांचं वय बघता मी म्हणत होते, तुम्ही नुसती हातात द्या, मी चढवते. पण ऐकतील तर ते काका कसले. आपली झोपायची खोली आठव. तिथे आता छतापर्यंत गाठोडी आहेत. तुझी खाट मात्र मोकळी ठेवली होती, बसायला.

मग माणसं यायला लागली. खालच्या गल्लीतली घरं बसकी, आणि त्या अख्ख्या पट्ट्यात वरचा मजला असा फक्त आपलाच. लाकूडवाल्याने वखारीतल्या फळ्या बांधून तराफा केला आणि एकेकाला आपल्या खिडकीशी आणून सोडायला लागला. दुपारपर्यंत खोलीत सत्तावीस माणसं झाली. सगळी नखशिखान्त भिजलेली, दात वाजताहेत, आणि भोवती छतापर्यंत दुसऱ्यांचे कोरडे, इस्त्री केलेले कपडे.

बाबांचा नियम तू विसरली नसशील. गिऱ्हाइकाचा कपडा आपल्या अंगाला लागता कामा नये. एकदा मी कोणाच्या तरी रुमालाने नाक पुसलं, तर त्यांनी मला तो रुमाल सात वेळा धुवायला लावला होता. त्या दिवशी मी गाठोड्यांकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस. कात्री तुझ्याकडे आहे." मी गाठी कापायला सुरुवात केली.

त्यानंतर जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने अंगावर चढवलं. न्हाव्याला डॉक्टरांचा पांढरा कोट मिळाला आणि तेव्हापासून तो प्रत्येकाला जीभ बाहेर काढायला सांगतोय. खुद्द डॉक्टर बँड पथकातल्या कोणाच्या तरी सोनेरी पट्ट्यांच्या पँटमध्ये आहेत आणि चालताना पाय जरा आपटतात. पोस्टमन कोणाच्या तरी लग्नाच्या सुटात इतका रुबाबदार दिसतोय की त्याच्या बायकोने त्याला दोनदा वळून पाहिलं. लाकूडवाल्याच्या मापाचं काहीच सापडेना. शेवटी तळाच्या गाठोड्यातून एक जांभळा, मोठ्या मोठ्या फुलांचा बायकी गाऊन निघाला, तो त्याला चपखल बसला. तोच घालून त्याने संध्याकाळपर्यंत तराफा चालवला. कोणी हसलं नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या तराफ्यावर बसलेलं कोणी हसत नव्हतं.

मास्तरीणबाईही आल्या. त्यांना खिडकीतून आत घेताना मीच हात दिला. कोणाचा तरी राखाडी स्वेटर त्यांना दिला, चहा दिला. चहा पिता पिता त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोघींतली एक तरी जबाबदार निघाली, हे या गावाचं नशीब." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खिडकीतून पाणी किती चढलं ते बघायला गेले. शालीचा विषय मी इथे काढणार नाही. त्याबद्दल जे म्हणायचं होतं ते मी तेव्हाच म्हटलं आहे.

तर अडचण ही, की सगळ्यांच्या ओल्या अंगांनी आणि हातांनी माझ्या कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा झालाय. तू गेल्यावर मी चिठ्ठ्या टाचायला लागले होते, कारण धाग्याचं काम तुझं आणि पाण्याचं माझं, मला त्यातलं काय कळतंय. आता कपड्यांवर उरलेत ते फक्त तुझे टाके. काही मला आठवतात. पाच लाल म्हणजे न्हावी, कारण तोंडाला विश्रांती नाही. पण बाकीचे? तू कधी वहीत उतरवून ठेवलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही.

पोस्टमन माझ्याच खोलीत, सूट घालून, बटाटे सोलत बसलाय. पाणी उतरलं की पहिलं पत्र हेच, असं त्याने कबूल केलंय. तुझा पत्ता इस्त्रीकाकांकडे निघाला. नऊ वर्षं त्यांच्याकडे होता. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, "तू विचारलंस कधी?"

तुझी,
ताई


रविवार, १६ मार्च

धाकटे,

पहिलं पत्र काल गेलं. त्याचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहायचं काही कारण नाही, पण बसल्या जागी डोळा लागत होता आणि झोपले तर पाठ आखडेल, म्हणून लिहिते आहे.

पाणी शुक्रवारी उतरलं. जाताना पाहुण्यासारखं निमूट गेलं नाही, घोटाभर चिखल ठेवून गेलं. काउंटरवर एक मासा होता. जिवंत. मी त्याला बादलीत घालून कालव्यात सोडून आले, आणि वाटेत दोघांनी मला विचारलं की आता मासे पण धुवून देतेस काय.

कालपासून अख्खं गाव आपल्याकडे राबतंय. डॉक्टरांनी त्याच सोनेरी पट्ट्यांच्या पँटमध्ये पाटी-फावडं घेतलं. लाकूडवाल्याने भट्टी उघडून, पुसून, वाळलेली ढलपी घालून पेटवली, आणि पहिला धूर निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीन अजून मेलेलंच आहे, म्हणून हातांनी धुतोय, बाबांच्या काळासारखं. दोऱ्या आपल्या खिडकीपासून समोरच्या बेकरीच्या खिडकीपर्यंत आणि तिथून पलीकडच्या सायकलच्या दुकानापर्यंत बांधल्यात. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाकून जावं लागतं आणि वर बघितलं तर डोळ्यात थेंब पडतो. तरी कोणी कुरकुर करत नाही, हे या गावात मी पहिल्यांदाच पाहते आहे.

गंमत रस्त्यावर आहे. लोक अजून एकमेकांचेच कपडे घालून हिंडताहेत, कारण स्वतःचे चिखलात. एकाने दुसऱ्याला थांबवून म्हटलं, तुमच्या अंगावरचा शर्ट माझा आहे, पण तुम्हाला जास्त शोभतो. दुसऱ्याने बटणं सोडायला घेतली, तर पहिला म्हणाला, राहू द्या, मी तुमचीच पँट घातली आहे, ती काढायला लावाल. दोघंही खदखदा हसत उभे होते. गेल्या वर्षी हेच दोघं कुंपणाच्या एका खांबावरून कोर्टात गेले होते.

पण हे हसणं फार टिकायचं नाही. रंगीत कपडे आणि तू गेल्यावरचे, बिनटाक्याचे नवे कपडे लोक ओळखतात. जुने पांढरे शर्ट, पायजमे, टॉवेल, चादरी यांचं काय करू? लोक प्रामाणिक आहेत, मी नाही म्हणत नाही, पण चांगली जाड चादर दिसली की प्रत्येकाला ती आपल्याच घरची वाटते. आज दोन म्हाताऱ्यांनी एकाच उशीच्या अभ्र्याची दोन टोकं धरली होती. मी मध्ये पडले नसते तर अभ्रा गेला असता. दिलेला कपडा जर चुकीच्या घरी गेला, तर मी गाठी कापल्या त्याचं सगळं पुण्य जाईल आणि बाबांच्या दुकानाचं नाव जाईल. मला रात्रंदिवस तेवढीच धास्ती आहे.

तेवढीच नाही. पण दुसरी आज लिहीत नाही, हात चिखलाचे आहेत.

ये असं मी म्हणत नाहीये. तुझी नोकरी आहे, एवढ्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी तुझ्या हाताखालून जातात असं काका सांगत होते. ते सांगताना त्यांना केवढा अभिमान वाटत होता. मी नुसतं कळवते की तुझी खाट अगदी कोरडी आहे.

ताई


मंगळवार, २५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने ते दुरूनच हवेत हलवत आणलं, आणि त्यामागे न्हावी, आणि न्हाव्यामागे अर्धवट दाढी झालेलं एक गिऱ्हाईक. मी पाकीट कात्रीने कडेकडेने कापलं. पहिल्यांदा वाटलं कोरंच असेल.

यादी वाचून मी इतकी हसले की काका इस्त्री ठेवून उठून आले. 'तीन हिरवे, पांढरी गाठ: डॉक्टर. खिशात पुदिन्याच्या तीन गोळ्या विसरतात, रुमालात गाठ मारून.' 'निळी फुली, शेपटी: पोस्टमन. निघाला असं वाटतं आणि आणखी एक गोष्ट सांगायला परत फिरतो.' 'पिवळा उलटा: मास्तरीणबाई. घाईत स्वेटर उलटा घालून शाळेत यायच्या, आम्ही कोणी सांगायचो नाही.' मी न विचारलेली छप्पन्न घरंही तू लिहून पाठवलीस. अख्ख्या गावाच्या सवयी तू पंधराव्या वर्षापासून कॉलरीत शिवत होतीस, आणि मी शेजारी उभी राहून नुसती नीळ कालवत होते.

काल शाळेच्या पटांगणात सगळं वाटलं. मी टाका बघायचे, तुझी यादी बघायचे आणि घराचं नाव पुकारायचे. कारणं मोठ्याने वाचली नाहीत, घाबरू नकोस. दोन म्हाताऱ्यांचा अभ्रा त्या दोघींचाही निघाला नाही, बेकरीवाल्याचा निघाला. दुपारपर्यंत चारशेहून जास्त कपडे गेले आणि एकही परत आला नाही. लोक म्हणाले, कमाल आहे बाई तुझी. मी म्हटलं, माझी नाही. तेवढंच म्हटलं, पुढे काही बोलले नाही. ते मला रात्रभर टोचत राहिलं.

आता तो जांभळा गाऊन. त्याच्या आत लांबलचक काळा टाका. यादीत तुझ्या अक्षरात: 'लांब काळा: लाकूडवाला. काउंटरवर जांभई देतो ती एवढी. त्याचं गाठोडं सर्वांसमोर उघडू नये.' तू गेल्यापासून त्याचं गाठोडं काकाच घेत, धुवत आणि बांधत, मी ते कधी उघडलं नव्हतं. लाकूडवाला एकटा राहतो, धाकटे. लग्न नाही, बहीण नाही, आई जाऊन वीस वर्षं झाली. म्हणजे त्या दिवशी खिडकीतून आत येऊन, थंडीने काकडत, सत्तावीस माणसांसमोर त्याने स्वतःचाच गाऊन अंगावर घातला आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मी तो गाऊन धुतला, काकांनी झालरीला वाफ देऊन इस्त्री केली, आणि मी तो कागदात गुंडाळून संध्याकाळी वखारीत नेऊन दिला.  त्याने तो फळ्यांमागे ठेवला. मी वळल्यावर म्हणाला, "धाकटी पण असाच कागदात बांधून द्यायची."

मी घरी येऊन रडले. तू किती वर्षं हे पोटात ठेवलंस. त्याचं, डॉक्टरांचं, सगळ्या गावाचं. मला, सख्ख्या बहिणीलासुद्धा, एका शब्दाने सांगितलं नाहीस. जिच्या पोटात एवढं राहतं ती निष्काळजी आहे, हे मी गावाला पटवून दिलं.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी वाचली नाही असं करणार होते. 'कपडे ज्याचे त्याला दे. दोषही.' वाचली. कितीदा वाचली ते विचारू नकोस.

तर घे. मास्तरीणबाईंची शाल, त्यांच्या आईने विणलेली, आई गेल्यावर उरलेली तेवढीच एक वस्तू. तू त्या गाठोड्याला लाल दोरा बांधला होतास. लाल म्हणजे गरम पाणी नको. मला त्या दिवशी घाई होती, भट्टी तापली होती, मी न बघता गाठीबरोबर दोरा कापला आणि सगळं आत टाकलं. शाल निघाली तेव्हा ती बाहुलीला पुरली असती. दोरा जमिनीवर पडलेला मला दिसला. मी तो उचलला आणि खिशात घातला. मग मास्तरीणबाई आल्या, आणि तू म्हणालीस, मी दोरा बांधला होता. आणि मी भर दुकानात म्हटलं, दोरा नव्हता.

बाबांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते आणि मला वाटायचं, मी चुकले असं कळलं तर गाव म्हणेल, बाप गेला आणि दुकान बुडालं. हे कारण आहे, सबब नाही. सबब म्हणून मी ते नऊ वर्षं स्वतःला पुरेसं सांगितलंय.

मी गावाला सांगेन. आता एवढ्यात नाही, थोडं सगळं मार्गी लागू दे.

ताई


शुक्रवार, २८ मार्च

धाकटे,

'एवढ्यात नाही' असं लिहिलं, पण ते पत्र पोस्टमनच्या हातात दिल्यावर कळलं की असंच मी नऊ वर्षं म्हणत आले. म्हणून काल सांगितलं.

काल दुकान पुन्हा सुरू झालं. मशीन दुरुस्त झालं आहे, फक्त पिळताना भुंकतं. पहिल्याच दिवशी दारात रांग. मास्तरीणबाई तिसऱ्या होत्या, हातात त्यांचे दोन पांढरे टेबलक्लॉथ. त्यांच्यापुढे न्हावी, मागे डॉक्टर, आणि बाहेर पायरीवर लाकूडवाला, त्याच्या हातात मात्र काही नव्हतं, नुसता आला होता. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले, कारण ते ठेवायला दुसरी जागा सुचेना.

"मास्तरीणबाई," मी म्हटलं, "तुमची शाल मी उकळली. धाकटीने लाल दोरा बांधला होता. तो मी कापला आणि नंतर लपवला. ती खरं बोलत होती."

न्हावी गप्प झाला. तू असतीस तर त्याचे पाच टाके उसवून चार केले असतेस.

मास्तरीणबाईंनी टेबलक्लॉथ हळूच खाली ठेवले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस.

"दारात उभी होती. बराच वेळ. मी आतून खिडकीतून बघत होते आणि दार उघडलं नाही. माझी विद्यार्थिनी ती. शाल गेली त्याचं आता मला काही नाही. त्या दाराचं आहे." एवढं बोलून त्यांनी टेबलक्लॉथ उचलले आणि न धुता परत घेऊन गेल्या.

रांगेतलं कोणी निघून गेलं नाही. डॉक्टरांनी गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, गोळ्या काढल्या आहेत. मी आत गेले आणि नीळ कालवायला लागले, पण किती घातली ते कळलं नाही, त्या दिवशीचे सगळे शर्ट जरा निळसरच गेलेत. गावात कुजबुज आहे. बेकरीवाली माझ्याशी बोलली नाही. बोलेल, पण आधी थोडे दिवस बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुकान बुडालं नाही. नऊ वर्षं ज्याला भ्यायले ते झालं, आणि आज सकाळी सात वाजता पुन्हा कपडे घेऊन माणसं आली. मला एवढं हलकं वाटतंय आणि एवढी लाजही वाटते की दोन्ही एकदम कुठे ठेवू कळत नाही. तुझ्याशिवाय हे ऐकायला कोणी नाही. ये. आता म्हणते आहे. ये.

हे बंद करणार, तोच मास्तरीणबाई दारात आल्या आहेत. अंगात स्वेटर, उलटा. हातात प्रवासाची पिशवी. म्हणतात, "पत्ता दे तिचा." मी दिला. तो वाचून त्यांनी घडी केली, पिशवीत टाकला, आणि निघाल्या नाहीत. म्हणाल्या, "असं कर, तूच चल. मला एकटीला तिच्या दाराशी उभं राहायचा धीर नाही." मी म्हटलं, मला कुठे आहे. त्या म्हणाल्या, "म्हणून तर दोघी."


रविवार, ३० मार्च

धाकटे,

शुक्रवारचं पत्र टाकलंच नाही, ते माझ्याच पिशवीत आहे. हे त्याच कागदाच्या पाठीवर लिहिते आहे, तुझ्या जिन्यात बसून, तिसऱ्या मजल्यावर, तुझ्या बंद दाराला टेकून.

काल काकांवर दुकान सोपवलं आणि आज सकाळी सहाच्या गाडीने निघालो. मास्तरीणबाईंनी वाटेत मला चार वेळा उजळणी करायला लावली, तिथे पोचल्यावर मी काय बोलायचं आणि त्या काय बोलायच्या. पाचव्यांदा त्या स्वतःच विसरल्या. तुझ्या शेजारणीने सांगितलं, रविवारीही कामावर असते, साडेपाचला येते. आम्हाला आत बसा म्हणाली. आम्ही दोघीही नको म्हटलं, एकदम, एका सुरात, ती बिचारी दचकली. तेव्हापासून ती दर अर्ध्या तासाने दार किलकिलं करून बघते, आम्ही अजून आहोत का ते.

तुझं दार छान आहे. हिरवं. पायपुसणं स्वच्छ, कडा नीट दुमडून शिवलेल्या, तुझेच टाके. घंटीवर तुझं नाव आहे आणि ते मी इतका वेळ वाचते आहे की मास्तरीणबाई म्हणाल्या, पाठ झालं असेल आता.

ठरलं असं होतं, की ही दोन्ही पत्रं दाराच्या फटीतून आत सरकवायची आणि खालच्या चहाच्या दुकानात जाऊन बसायचं. तू वाचशील, आणि वाटलं तर खाली येशील. नाही वाटलं तर आठच्या गाडीने आम्ही परत. तुझ्यावर जबरदस्ती नको, असं मास्तरीणबाईंचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. कागदावर मला धीर येतो. तोंडाने मी तुझ्यासमोर शेवटचं वाक्य नऊ वर्षांपूर्वी बोलले, आणि ते खोटं होतं.

साडेपाच वाजलेत. खाली दार वाजलं. कोणीतरी जिना चढतंय, पहिल्या वळणावर थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या आहेत, स्वेटर नीट करताहेत आणि मला दंडाला धरून उठवताहेत. पत्र सरकव म्हणतात, लवकर सरकव.

मी नाही सरकवणार. दुसऱ्या मजल्यावर आलीस. आता लिहीत नाही, तोंडाने सांगते.